तो गंज आमच्या गाडीचा नव्हताच

ऊन तापू लागलं की इंदूरच्या रिंग रोडवर ‘कूलंट तपासणी मोफत’ असे फलक दिसू लागतात. अशाच एका गॅरेजने आमच्या गाडीचं जे ‘फ्लशिंग’ केलं, म्हणजे इंजिन गार ठेवणारं जुनं कूलंट धुऊन काढून नवं भरलं, त्याबद्दल मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. सुट्ट्या लागल्या की आपल्यातली कितीतरी कुटुंबं गाडीनेच नाशिक-पुण्याला निघतात, आणि वाटेत सेंधव्यापुढचा बिजासन घाट चुकत नाही.

गाडीची काहीच तक्रार नव्हती. हे टायरमध्ये हवा भरायला थांबले, तेवढ्यात एका पोऱ्याने बॉनेट उघडायला लावलं. कूलंटच्या बाटलीत कापसाचा बोळा बुडवला आणि म्हणाला, “भाभीजी, कूलंट खतम है, घाट में इंजन सीज़ हो जाएगा.” मागे सासूबाई बसलेल्या, त्या घाबरल्या. लगेच मशीन आलं, दोन पारदर्शक पाइप जोडले गेले आणि एकातून तांबडंलाल गढूळ पाणी वाहू लागलं. डोळ्यांदेखत असं पाणी वाहताना पाहिल्यावर नको म्हणायची कुणाची छाती होईल? या लोकांचा सगळा धंदा त्या पाइपावर चालतो.

नंतर छावणीतल्या जुन्या मिस्त्रींनी विचारलेला एकच प्रश्न मी विसरणार नाही. तुमच्या गाडीचं इंजिन ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, त्याच्या टाक्या प्लास्टिकच्या. तांबडा गंज चढतो लोखंडाला. मग बादलीभर गंज आला कुठून? त्यांच्या मते ते पाणी मशीनच्या टाकीत आधीपासूनच होतं.

बिलात फ्लशिंगचे १,८०० रुपये, ‘इम्पोर्टेड ॲडिटिव्ह’चे १,४५० आणि एक लिटर कूलंटचे ४५०. आमच्या गाडीत एकूण पाच लिटर कूलंट मावतं. खरंच सगळं जुनं काढलं असेल, तर एका लिटरच्या डब्यावर पुन्हा भरली कशी? उरलेलं चार लिटर नळाचं पाणी. म्हणजे कूलंट फार तर २० टक्के, आणि कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलंय निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. प्रत्यक्षात तर तेवढंही नव्हतं. मिस्त्रींनी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे मिश्रण किती अंशांवर गोठेल ते दाखवणाऱ्या यंत्रावर, थेंब ठेवला. निम्म्या-निम्म्या मिश्रणाला त्यावर उणे ३५ अंशांच्या आसपास आकडा दिसतो. आमचा जेमतेम शून्याच्या खाली सरकला होता. हिरवा रंग तेवढा झकास होता.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळजण म्हणतात. पण इंदूर साधारण ५५० मीटर उंचीवर आहे आणि इथे उघड्यावर साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कूलंटमधल्या ग्लायकॉल या द्रवामुळे आणि रेडिएटरच्या झाकणातल्या दाबामुळे ही मर्यादा १२० च्याही वर जाते. शिवाय कूलंटमधली रसायनं धातू कुरतडू देत नाहीत. बोअरिंगचं जड पाणी घातलं, तर बारीक नळ्यांत क्षार बसतो तो वेगळाच.

त्या फ्लशिंगनंतर घाटात एसी चालू असताना तापमानाचा काटा वर चढला. यांनी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडला, कारण त्याने इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते. पण हीटरमधून गार वारा! गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. झाकणाला हात लावला नाही. गरम इंजिनचं झाकण उघडलं की उकळतं पाणी अंगावर उसळतं. उष्णतेने इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकलं नाही, एवढं नशीब.

रेडिएटर उघडल्यावर नळ्यांत भुरकट लगदा निघाला. ते ॲडिटिव्ह म्हणजे गळती बुजवणारी भुकटी होती. गळती नसलेल्या गाडीत ती घातली, आणि तिने रेडिएटर आणि हीटरच्या नळ्याच बुजवल्या. रेडिएटर, हीटर कोअर, थर्मोस्टॅट, सगळं बदलावं लागलं. खरं सांगायचं तर चांगल्या कूलंटला वेगळं ॲडिटिव्ह लागतच नाही, गंजरोधक द्रव्यं त्यात आधीच असतात. उलट एका जातीच्या कूलंटमध्ये भलतंच रसायन मिसळलं, तर त्याचं आयुष्य घटतं. आणि नुसत्या रंगावरून जात ओळखू नका. रंग प्रत्येक कंपनी आपापला ठरवते.

म्हणून फ्लशिंग करायचंच असेल, तर गार इंजिनावर, आपल्या समोर आणि मशीनशिवाय करायला सांगा. ड्रेनखाली बादली ठेवा, किती निघालं ते मोजा. नुसत्या रेडिएटरच्या ड्रेनमधून जवळपास निम्मंच येतं, बाकीचं इंजिनच्या ब्लॉकमध्ये राहतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन चालवून, गार करून पुन्हा काढावं लागतं. वीस मिनिटांत हे होत नाही. कूलंटचा सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला लावा. आणि निघालेलं कूलंट गटारीत ओतू देऊ नका. ते गोडसर लागतं, रस्त्यावरची कुत्री चाटतात आणि मरतात.

त्या ॲडिटिव्हच्या बाटलीवर ना आयात करणाऱ्याचा पत्ता, ना महिना-वर्ष, ना एमआरपी. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार हे तिन्ही छापणं सक्तीचं आहे. बाटली, बिल आणि मिस्त्रींनी लिहून दिलेला कागद घेऊन आम्ही गॅरेजमालकाकडे गेलो. फ्लशिंगचे पैसे त्याने परत केले, रेडिएटरबद्दल हात वर केले. मग १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आता जिल्हा ग्राहक आयोगाचा अर्ज तयार होतो आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. रिंग रोडवर असंच तांबडं पाणी दाखवून तुमच्याकडूनही पैसे घेतले असतील, तर बिल शोधून ठेवा आणि तुम्हीही तक्रार करा.