दोन याद्या, एकच नाव: मराठी मजकूर एकसारखा करण्याच्या पद्धतींची तुलना

लातूरच्या आडत बाजारातील दुकानांची एक यादी आणि खतविक्रेत्यांची दुसरी यादी नावावरून जुळवायला घेतली, तेव्हा ज्यांच्या नावात ‘ॲग्रो’ होते त्यांतली निम्मी दुकाने दोन्हीकडे असूनही जुळेनात. पडद्यावर शब्द तंतोतंत सारखा होता. मात्र एका यादीत ‘ॲ’ हे एकच अक्षर होते, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले, आणि दुसरीत ‘अ’वर अर्धचंद्र वेगळा टंकलेला होता. असे मजकूर एकसारखे करण्याच्या ज्या तयार पद्धती आहेत, त्यांपैकी कोणती घ्यावी हा प्रश्न याद्यांचे काम करणाऱ्या प्रत्येकापुढे येतो.

सर्वांत सोपी वाटणारी आणि सर्वांत घातक पद्धत म्हणजे चिन्हे गाळणे. फ्रेंच किंवा स्पॅनिश नावांतील अक्षरांवरच्या खुणा काढण्यासाठी आधी प्रत्येक अक्षर आणि त्यावरची खूण सुटी करायची आणि मग जागा न घेणारी सर्व चिन्हे पुसायची, असा दोन ओळींचा कोड सर्रास वापरला जातो. तो मराठवाड्याच्या जिल्ह्यांवर चालवला, तर नांदेडचे ‘नादड’ होते, लातूरचे ‘लातर’ आणि हिंगोलीचे ‘हिगोली’. बीड, जालना, परभणी व धाराशिव मात्र जसेच्या तसे राहतात. याचे कारण असे की युनिकोडच्या वर्गवारीत उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याचे चिन्ह एका गटात आहेत, तर काना, वेलांटी आणि ‘ो’ दुसऱ्या गटात, आणि हा कोड पहिला गटच पुसतो. पहिल्या पाच ओळी तपासून फाइल पुढे पाठवणाऱ्याला चूक दिसेलच असे नाही.

एनएफसी, म्हणजे सुटी टंकलेली चिन्हे शक्य तिथे एका अक्षरात जोडणारे युनिकोडचे ठरलेले रूप, ही त्या मानाने सभ्य पद्धत आहे. ती अर्थाला धक्का लावत नाही. ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) वेगळे टंकलेले असतील तर त्यांचा एक ‘ऱ’ करते, म्हणून साठवणीसाठी मी तीच सुचवीन. तिच्याकडून फार अपेक्षा मात्र ठेवू नये, कारण वर सांगितलेले दोन ‘ॲ’ तिच्या लेखी वेगळेच राहतात, आणि काना व मात्रा सुटे टंकून बनवलेला ‘ो’ही ती दुरुस्त करत नाही. (‘क़’ ते ‘य़’ या आठ नुक्तावाल्या अक्षरांना तर ती जोडण्याऐवजी सुटे करते, हिंदी नावे असतील तर हे लक्षात असू द्यावे.)

एनएफकेसी हे युनिकोडचेच दुसरे रूप एक पाऊल पुढे जाते आणि खास चिन्हांच्या जागी त्यांची साधी चिन्हे ठेवते. वेबपानावरून चिकटवलेली न तुटणारी रिकामी जागा ती साधी करते, आणि गावाच्या नावाच्या शेवटी अशी जागा लपलेली असते तेव्हा तिचा खरा उपयोग होतो. पण क्षेत्राच्या रकान्यात ‘2½’ एकर असेल, तर ती ½ फोडून 1, तिरकी रेघ आणि 2 असे लिहिते, आणि वाचणाऱ्याला एकवीस भागिले दोन दिसते. मापांच्या रकान्यांपासून ती दूरच ठेवावी. देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक तिच्याकडून होत नाहीत. ते काम वेगळे करावे लागते.

म्हणून माझा कल कशाच्या जागी काय लिहायचे हे सांगणाऱ्या स्वतःच्या छोट्या तक्त्याकडे आहे. मूळ नाव एनएफसी करून तसेच ठेवावे आणि शेजारी जुळणीचा वेगळा रकाना करून त्यातच बदल करावेत. यात क्रमाला महत्त्व आहे. ‘कऱ्हाळे’ हे आडनाव कोणी ‘ऱ’ वापरून टंकतो, तर कोणी ‘र’, पाय मोडण्याचे चिन्ह आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, वापरून. अदृश्य चिन्हे आधीच काढून टाकली, तर दुसऱ्या प्रकारे टंकलेल्या नावात रफार येतो आणि ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होऊन दरीचा समुद्र होतो. आधी त्या जोडणीचा पाय मोडलेला ‘ऱ्’ करावा, मगच उरलेले जोडक काढावेत. या तक्त्याला वेळ लागतो आणि नवी यादी आली की त्यात एखादी ओळ वाढते, हा त्याचा तोटा आहे.

यादीत उर्दू नावांचा रकाना असेल, तर त्याला स्वतंत्र तक्ता लागेल, कारण अरबी आणि उर्दू कळफलकांवरचे ‘काफ’ (‘क’चे अक्षर) वेगळ्या क्रमांकाचे असतात आणि एनएफसी त्यांनाही एक मानत नाही.