मागून खट खट वाजतंय म्हणून साडेनऊ हजार घेतले, निघालं सायलेन्सरचं रबर

ज्यांच्या गाडीला मागून खट खट आवाज यायलाय आणि हायवेवरच्या एखाद्या गॅरेजवाल्यानं गाडीत न बसताच शॉकअप (खड्ड्यात गाडीचे झोके आवरणारे दांडे) गेलेत म्हणून सांगितलंय, त्यांनी पैसे द्यायच्या आधी हे वाचा.

लग्नासाठी अंबाजोगाईहून संभाजीनगरला निघालो होतो. मागं आई, मावशी आणि मामी, डिकीत आहेराच्या पिशव्या आणि भांडी, म्हणजे मागं लोड चांगलाच. केज सोडल्यावर गतिरोधकावर मागून खट असा आवाज यायला लागला, मग खड्डा आला की खट खट, सपाट रस्त्यावर काहीच नाही. आधी वाटलं भांडीच वाजायलीत, मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा पिशव्या पुढच्या सीटवर घेतल्या, डिकीतला जॅक आणि स्टेपनीचा बोल्ट हलवून बघितला, सगळं घट्ट. आवाज काही गेला नाही.

पुढं हायवेला एक गॅरेज दिसलं. बोर्ड मोठा, पोरं चार-पाच. मालकानं विचारलं कुठं जायचंय, मागं बायामाणसं बसलेली बघितली, आणि गाडी जॅकवर घेऊन एक पोरगं खाली सरकलं. दोन मिनिटांत बाहेर येऊन म्हणाला, "दोन्ही शॉकअप गळालेत, अ‍ॅक्सलचे बुश पण गेले." बुश म्हणजे अ‍ॅक्सलच्या जोडातलं रबर. मालकानं मला वाकवून दाखवलं, खरंच शॉकअपवर तेल चकाकत होतं. वर म्हणतो कसा, "सर, माणसं बसलीत गाडीत, रात्री पाचोडच्या पुढं अ‍ॅक्सल तुटला तर कुणाला बोलावणार?" हे ऐकलं की आई म्हणाली करून घे बाबा. तिथंच त्याचं काम झालं.

अर्ध्या-पाऊण तासात नवीन शॉकअप, नवीन बुश, लेबर धरून साडेनऊ हजार. स्कॅनर बंद आहे म्हणाला, कॅश द्या. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून त्यावर आकडा लिहून दिला, ना गॅरेजचं नाव ना जीएसटी नंबर. जुने शॉकअप पोरगं मागं भंगारात टाकायला न्यायलं तर आई आडवी आली, पैसे आपण दिलेत तर माल आपला, टाक डिकीत. मालक म्हणायला लागला काकू ते तेलकट आहे, गाडी खराब होईल, आईनं सरळ पेपर मागितला गुंडाळायला. तेवढ्यामुळं पुढचं सगळं कळलं.

गेवराई येईपर्यंत खट खट परत सुरू.

लग्न झाल्यावर मावसभावानं चिकलठाण्याकडच्या एका जुन्या मिस्त्रीकडं नेलं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी गाडीला हातच लावला नाही आधी. मागच्या सीटवर बसले, मावसभावाला शेजारी बसवलं, मला म्हणाले चला, त्या गतिरोधकावरून हळू घ्या, परत घ्या, आता ब्रेक मारत घ्या. ब्रेक मारला तरी आवाज तोच म्हणजे ड्रमच्या लायनरचं काही नाही. चाकाचं बेअरिंग गेलं असतं तर घूंऽऽ असा आवाज स्पीडबरोबर वाढला असता, असं खट झालं नसतं. मग मावसभावाला उतरवलं, आवाज कमी झाला. चाचा हसले.

गॅरेजवर येऊन गाडी थंड होऊ दिली, खाली वाकून सायलेन्सरचा मागचा डबा हातानं वर-खाली हलवला. खट. तोच आवाज. डबा ज्या रबरावर लटकतो ते रबर तुटलेलं, त्यामुळं पाइप खाली आलेला आणि तो पाइप अ‍ॅक्सलच्या बीमवरून, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरून जातो. मागं माणसं बसली की गाडी खाली दबते, बीम पाइपच्या जवळ येतो, खड्डा आला की टेकतो. म्हणून लोड असला की जास्त. रबर शंभर-सव्वाशे रुपयांचं, बसवायला पाच मिनिटं.

मग डिकीतले जुने शॉकअप दाखवले. चाचांनी पेपर उलगडला आणि बघताच म्हणाले हे तेल वरून लावलेलं आहे. कसं कळलं ते सांगतो, कारण हेच आपल्याला तिथं बघता येतं. शॉकअपचं सील वरच्या कव्हरच्या आत असतं, रॉड नळीतून बाहेर येतो तिथं. ते गळालं तर तेल खालच्या नळीवरून ओघळतं. माझ्या शॉकअपला तेल वरच्या कव्हरवर बाहेरून, ते पण एकाच बाजूला, आणि खालची नळी कोरडी. दुसरं म्हणजे आपल्याकडं काळ्या मातीचा फुफाटा किती असतो ते सांगायला नको, गळती जुनी असली तर तेलावर धूळ बसून पुरणासारखा घट्ट थर होतो. इथं तेल एकदम चकचकीत. पोरगं खाली गेलं तेव्हा हातात बोळा होता हे मला आता आठवतंय. फडक्यानं पुसून चाचांनी रॉड दाबून सोडला, हळूहळू आपोआप वर आला, माल चांगला.

बुशचं तर अजूनच. ते बदलायचे तर अ‍ॅक्सल खाली उतरवावा लागतो, जुने बुश प्रेसवर काढून नवे दाबून बसवावे लागतात, अर्ध्या तासाचं कामच नाही. माझ्या अ‍ॅक्सलच्या बोल्टांवर जुना चिखल तसाच, पाना लागल्याची खूण पण नाही. चाचांनी टॉमी (लोखंडी पहार) घालून बुश हलवून बघितले, मूळचे आणि टणक.

आणि ते नवीन शॉकअप? गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला की गाडी वर येऊन थांबायला पाहिजे, ही झुलायलाच लागली. थिनरचं फडकं मारलं तर काळा रंग निघाला, खाली गंज आणि घासून काढलेला नंबर. कुणाच्या तरी गाडीचे काढलेले, रंग मारून मला घातले. चाचांनी माझेच जुने परत बसवले, रबर धरून सगळ्याचे सातशे घेतले.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे, फोटो जोडलेत, पण त्यांनी पहिलं बिलच मागितलं आणि माझ्याकडं तो वहीचा कागद. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, तिथं पण जाणार आहे, रंगवलेले शॉकअप जपून ठेवलेत. गॅरेजवाल्याला एकदा फोन लागला होता, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, "आवाज बंद झाला ना सर आता? मग झालं तर."