आरव्ही-८ चं ट्रान्झिशन ट्रेनिंग: चार स्टार, पाचवा मागच्या सीटमुळे गेला

किट आणून घरीच विमान बांधणाऱ्यांची एक गंमत असते. विमान पुरं होईतो रिव्हेट मारण्यात हात बसतो आणि उडवण्यातला मोडतो. माझंही तेच झालं होतं, शिवाय आधीचा सगळा अनुभव सेस्ना १७२ चा, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या शांत विमानाचा. आरव्ही-८ हे किटमधून बांधायचं दोन सीटांचं विमान टेलव्हील, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेलं. म्हणून स्वतःच्या आरव्ही-८ ला हात लावण्याआधी ट्रेनरच्या आरव्ही-८ मध्ये हा ट्रान्झिशनचा, म्हणजे नव्या प्रकारच्या विमानाची सवय करून घेण्याचा, कोर्स केला.

'आपलं विमान तयार आहे, मग त्याच्यावरच लँडिंग शिकू' असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी इंजिनाचा विचार करावा. नव्या इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा नीट बसायच्या तर सुरुवातीचे तास ते जोरातच चालवावं लागतं, साधारण ६५ ते ७५ टक्के पॉवरवर. सर्किटं, म्हणजे धावपट्टीभोवती फेऱ्या घेत पुन्हा पुन्हा उतरणं, मारत बसलात की दर फेरीला थ्रॉटल मागे. मग सिलिंडर ग्लेझ होतात, म्हणजे आतून गुळगुळीत होतात, आणि इंजिन तेल प्यायला लागतं. म्हणजे पहिल्या उड्डाणाला लँडिंग आधीच यायला हवं. अमेरिकेत अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला, त्यात इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं हीच दोन कारणं सगळ्यांत पुढे आली. इंजिन दगा देईल तेव्हा निदान दुसरं कारण आपण होऊ नये, एवढ्यासाठी तरी हा खर्च करावा.

इन्स्ट्रक्टर माझ्या मुलीच्या वयाची. पहिला सगळा वेळ तिने लँडिंग करूच दिलं नाही. धावपट्टीवर हातभर उंचीवरून, थोडी पॉवर ठेवून, टोकापर्यंत सरळ उडवत न्यायचं आणि वर जायचं. नजर धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला. चाकं टेकवण्याचं ओझं नसलं की पायाच्या रडरने नाक आणि हातातल्या स्टिकने चालणाऱ्या एलेरॉनने पंख वेगवेगळे सांभाळता येतात, हे तेव्हा अंगात मुरलं. टेलव्हीलमध्ये वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे शेपूट जरा बाजूला गेली की आणखीच जायला बघते. चाकं टेकल्यावर मी हुश्श केलं की मागून हेडसेटमध्ये आवाज: "काका, पाय झोपले तुमचे!" विमान टॅक्सीवेवर वळेपर्यंत ती सोडायची नाही.

कोर्सचा खरा ऐवज मात्र टेस्ट फ्लाइंगच्या भागात आहे. तुमच्या विमानाचा स्पीड इंडिकेटर खरं बोलतो कशावरून? स्टॅटिक पोर्ट, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब घेणारं भोक, जरा इकडेतिकडे बसला तरी आकडा बदलतो. म्हणून आधी उंची घ्यायची, विमान हळूहळू संथ करायचं, लँडिंगचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या पट्ट्या) टाकून स्टॉल करायचा, म्हणजे पंख उचल सोडतील इतका वेग कमी करायचा, आणि काटा जे दाखवेल ते लिहून घ्यायचं. त्याची १.३ पट म्हणजे तुमचा अप्रोच स्पीड, उतरायला येतानाचा वेग. माझ्या विमानात काटा ४७ नॉटवर होता, म्हणून मी ६१ धरून खाली आलो. दुसऱ्याच्या विमानातला आकडा उसना घ्यायचा नाही. 'भीतीपोटी थोडा जास्त ठेवू' हेही ती चालू देत नाही: वेग १० टक्के वाढला की ऊर्जा २१ टक्के वाढते, आणि मग विमान धावपट्टीभर तरंगतच राहतं. प्रत्येक चाचणीला वेगळं कार्ड, मांडीवर पेन्सिल, आणि जे कार्डावर नाही ते हवेत करायचं नाही.

आता तक्रार. आरव्ही-८ मध्ये सीटा एकामागे एक असतात. इन्स्ट्रक्टर मागे बसली की वजनाचा मध्य मागे सरकतो आणि स्टिक हलकी लागते. एकट्याने उडवलं की मध्य पुढे येतो, नाक जड होतं आणि फ्लेअरला, म्हणजे टेकण्याआधी नाक वर घेताना, स्टिक चांगलीच ओढावी लागते. हे तोंडी सांगितलं गेलं, पण दोन्ही वेळचा वेट अँड बॅलन्स, म्हणजे वजन आणि त्याच्या मध्याचा हिशेब, समोर मांडून, ट्रिम (स्टिकवरचा जोर कमी करणारी सेटिंग) कुठे असेल ते दाखवायला हवं होतं. त्याऐवजी ब्रीफिंगचा बराच वेळ अशा स्लाइडमध्ये गेला, ज्या घरी पाठवल्या असत्या तरी चाललं असतं.

बुक करताना आडव्या वाऱ्यातही उडवणार का, ते आधी विचारून घ्या. माझ्या वेळी वारा होता आणि तिने एका चाकावर टेकवण्याचा भरपूर सराव करून घेतला. शांत हवेत तेवढंच राहून गेलं असतं.