रात्रीची ट्रॅव्हल्स की विमान?

संभाजीनगरहून मुंबईला रात्रीची ट्रॅव्हल्स धरा, नाहीतर चिकलठाण्याहून विमान. तिकिटाच्या दराआधी मी चालवणाऱ्याची झोप बघतो.

पहाटे २ ते ६ शरीर सगळ्यांत ढिलं पडतं, वैमानिकाचंही. २०१० च्या मंगळूर अपघातात १५८ जण गेले. कॅप्टन उड्डाणात बराच वेळ झोपला होता, हे चौकशीत निघालं. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी डीजीसीएनं जानेवारी २०२४ मध्ये वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास आणि रात्रीच्या लँडिंगची मर्यादा ६ वरून २ करायचं ठरवलं. शिवाय शेजारी दुसरा वैमानिक असतोच.

बसचालकालाही कायद्यानं दिवसाला ८ तासांची मर्यादा आहे. पण समृद्धीच्या सरळसोट रस्त्यावर, पहाटे साडेतीनला, ती कोण तपासतं? माझा कौल विमानाला. परवडत नसेल तर दिवसाची बस.