जुन्या फियाटचे सुटे भाग: इथल्या बाजारातून घ्यावेत की परदेशातून मागवावेत?

जुनी फियाट पुन्हा रस्त्यावर आणायला निघालेल्या माणसापुढे आज दोन वाटा असतात. मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, पुण्यात नाना पेठ, अशा ठिकाणची दुकाने व भंगारवाले पालथे घालायचे, किंवा इटलीतल्या अथवा इंग्लंडमधल्या विक्रेत्याकडून हवा तो भाग मागवायचा. माझे मत आधीच नोंदवतो. गाडी १९६४ नंतरची, म्हणजे डिलाइट, प्रेसिडेंट किंवा पद्मिनी असेल, तर इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि सस्पेन्शन यांसाठी परदेशाकडे पाहण्याचे सहसा कारण नाही. गाडी पन्नासच्या दशकातली, म्हणजे लोक जिला डुक्कर फियाट म्हणतात ती असेल, तर पट्ट्या, बोधचिन्हे, दिव्यांच्या कडा आणि दारांची रबरे यांसाठी परदेशी विक्रेत्याला पर्याय क्वचितच सापडतो.

हा फरक टॅक्सीमुळे पडला आहे. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीच्या वयाची वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे पर्व संपले. दशकानुदशके दिवसरात्र धावणाऱ्या या ताफ्यासाठी क्लच प्लेट, किंगपिन, व्हील सिलिंडरचे किट, पॉइंट, कंडेन्सर, हेड पॅकिंग असा झिजणारा माल सतत तयार होत राहिला, आणि त्यातला काही अजूनही दुकानांच्या माळ्यांवर पडून आहे. डुक्कर फियाटची क्रोमची पट्टी टॅक्सीवाल्याला कधी लागलीच नाही, त्यामुळे ती कोणी बनवलीही नाही.

परदेशातून मागवताना सर्वांत मोठा धोका नावसाधर्म्याचा असतो. इटलीत १९६२ साली आलेल्या ११०० डी या गाडीचे इंजिन १२२१ सीसीचे, ७२ मिलिमीटर बोअरचे (सिलिंडरच्या आतल्या व्यासाचे) होते. आपल्याकडच्या ११०० डी मध्ये, म्हणजे डिलाइटमध्ये, आणि तिच्या पुढच्या गाड्यांत मात्र जुने १०८९ सीसीचे, ६८ मिलिमीटर बोअरचे इंजिनच शेवटपर्यंत चालू राहिले. साहजिकच केवळ मॉडेलचे नाव सांगून पिस्टन मागवला, तर घरी येणारा पिस्टन आपल्या सिलिंडरमध्ये जाणारच नाही. १९६६ च्या इटालियन ११०० आर ला पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक होते, तर पद्मिनीला पुढेही ड्रमच होते. शिवाय इटलीतली गाडी डाव्या स्टिअरिंगची असल्याने पेडल, स्टिअरिंगचे दुवे आणि डॅशबोर्ड यांचा आपल्याला उपयोग नाही. हेडलाइटची काच तर मागवूच नये, कारण उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी घडवलेली ती काच डिपरवर असतानाही समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश फेकते. ॲम्बेसेडरवाले या बाबतीत नशीबवान म्हणायचे. त्यांचे १४८९ सीसीचे इंजिन ब्रिटनमधल्या एमजी गाड्यांच्या कुळातले असल्यामुळे त्याचे पुष्कळसे भाग तिकडे आजही नव्याने तयार होतात.

स्थानिक मालाचाही एक दुबळा कोपरा आहे, आणि तो म्हणजे रबर. वीस-पंचवीस वर्षे पुडक्यात पडून राहिलेला ओरिजिनल रबरी वॉशर हा न वापरलेला असला, तरी नवा नसतो. तो हळूहळू कडक होतो आणि त्याला तडे जातात. जुन्या फियाटच्या ब्रेकमध्ये तेलाचे सर्किट एकच असते, त्यामुळे एका चाकाच्या ब्रेक सिलिंडरमधला वॉशर फुटला तरी चारही चाकांचा ब्रेक जाऊ शकतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि गाडीतल्या इंधन पंपाचा जुना डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) व जुनी नळी ते सोसत नाही. म्हणून रबराच्या बाबतीत देशी-परदेशी हा भेद बाजूला ठेवून उत्पादनाची तारीख आणि इथेनॉल सोसण्याची हमी या दोनच गोष्टी पाहाव्यात. दुकानदार तारीख दाखवू शकत नसेल, तर पुडके कितीही देखणे असले तरी ते परत करावे. डुप्लिकेट मालाचा धोका बाजारात असतोच, पण जुना भाग नमुना म्हणून सोबत नेला आणि व्हर्निअरने माप घेतले, तर फसगत बरीच टळते. ही सोय परदेशी खरेदीत नाही. तेथे पार्ट नंबर आणि छायाचित्र यांवरच विसंबावे लागते, आणि चुकीचा आलेला जड भाग परत पाठवण्याचे भाडे अनेकदा त्या भागाच्या किमतीच्या वर जाते.

किमतीची तुलना करताना विक्रेत्याने लिहिलेला आकडा हा केवळ आरंभ समजावा. सीमाशुल्क हे वस्तूची किंमत, भाडे आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर आकारले जाते. त्या शुल्कासह होणाऱ्या रकमेवर पुन्हा जीएसटी लागतो आणि कुरिअर कंपनी आपले हाताळणी शुल्क वेगळे घेते. सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा दिलासा देशी आणि परदेशी अशा दोन्ही मालाला आहे. याहून महत्त्वाची बाब अशी, की वापरलेल्या वस्तूंची आयात परकीय व्यापार धोरणानुसार निर्बंधित आहे. तुरिनमधल्या एखाद्या भंगारातला अस्सल जुना बंपर छायाचित्रात मोह घालतो, परंतु परवान्याशिवाय तो मागवला, तर बंदरावर किंवा विमानतळावर अडकण्याचा पुरेपूर संभव असतो. टायरला तर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह लागते, त्यामुळे पांढऱ्या पट्टीचे टायर स्वतः मागवण्याच्या फंदात पडू नये.

या दोहोंखेरीज एक तिसरी वाट आहे आणि ती मला अनेकदा सर्वांत किफायतशीर वाटते. बुश, पिन, पितळी कॉलर, एखादा कंस असे साधे भाग नमुन्यावरून बनवून घेता येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि लेथकाम जाणणारे कारागीर आहेत, आणि एका नगासाठीही काम घेणारा लेथवाला बहुतेक मोठ्या गावांत भेटतो. स्टिअरिंगचे सांधे आणि ब्रेकचे भाग मात्र अशा रीतीने करून घेऊ नयेत, कारण तेथे मापाइतकेच पोलाद आणि त्याला दिलेले पाणी महत्त्वाचे असते.

खरेदीचा क्रम ठरवताना काळाचाही विचार करावा लागतो. टॅक्सी बंद झाल्यामुळे इथला झिजणारा माल नव्याने बनण्याचे कारण उरलेले नाही आणि माळ्यांवरचा साठा घटतच जाणार आहे. म्हणून किंगपिन, क्लच प्लेट, बेअरिंग आणि ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा किंचित मोठे) पिस्टन यांचा एक जादा संच, आज गरज नसली तरी, मिळेल तेव्हा घेऊन तेलकागदात गुंडाळून ठेवावा. परदेशी मागणी मात्र सावकाश करावी. रंगकाम आटोपल्यावर नेमके काय कमी आहे ते कळते, आणि तोवर तसलीच गाडी असलेला दुसरा कोणी भेटला, तर दोघांची यादी एकत्र करून भाडे वाटून घेता येते.