लाल कोब्यासाठी हाताने ढकलण्याचा पॉलिशचा ठोकळा : वर्षभराच्या वापरानंतर

गुहागर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची ओटी आणि माजघर या दोन्ही ठिकाणी लाल कोबा आहे. सत्तरएक वर्षांपूर्वी घातलेली ही जमीन अजून कुठे फुटलेली नाही. पण मधली काही वर्षे घर बंद राहिल्यामुळे ती राखाडी पडली होती आणि तिच्यावरून हात फिरवला की तळव्याला भुकटी लागत असे. घर पुन्हा उघडले तेव्हा गवंड्याने पाहता क्षणी सांगितले की वर टाईल्स बसवून टाका, चार दिवसांचे काम आहे. ते आमच्या मनाला पटले नाही. इतकी चांगली घोटलेली जमीन आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही, कारण तसे घोटणारे हात कमी झाले आहेत. तेव्हा आहे तीच जमीन मेण लावून पुन्हा उजळायची असे ठरवले आणि त्यासाठी मुंबईतल्या एका ब्रश बनवणाऱ्या कारखानदाराकडून हाताने चालवायचा पॉलिशर मागवला. गेले वर्षभर तो नियमित वापरल्यानंतर हे लिहीत आहे.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. सुमारे एक फूट लांब आणि सात-आठ इंच रुंद असा बिडाचा एक जड ठोकळा, त्याच्या तळाला दाट केसांचा ब्रश, कडेने रबराची पट्टी आणि वर दोन्ही बाजूंना लवणाऱ्या बिजागरीत बसवलेला पाच फुटी लाकडी दांडा. आमच्या घरच्या काट्यावर दांड्याशिवाय त्याचे वजन सात किलो भरले. बिलावर त्याचे नाव ‘हँड पॉलिशर’ असे आहे, पण घरात पहिल्या दिवसापासून त्याला ठोकळाच म्हणतात. दक्षिण जर्मनीत अशाच अवजाराला ‘ब्लॉकर’ म्हणतात हे नंतर कळले, तेव्हा आपण ठेवलेले नाव किती नेमके होते याचा आनंद झाला. इंग्लंडमध्ये हाच ‘बंपर’. तिथल्या बराकींमध्ये लिनोलियमची जमीन चकचकीत ठेवण्यासाठी सैनिकांना तो तासन्‌तास ढकलावा लागे, आणि शेवटची झिलई यावी म्हणून त्याच्याखाली जुन्या ब्लँकेटचा तुकडा घालत. फ्रान्समध्ये लाकडी जमिनी उजळणारे कामगार पायालाच ब्रश बांधून खोलीभर घसरत फिरत, आणि फिलिपिन्समध्ये नारळाचे अर्धे सोडण पायाखाली धरून तेच काम होते. आमच्या आत्याने हे ऐकले तेव्हा तिला मुळीच नवल वाटले नाही. लहानपणी दिवाळीच्या आधी तिने आणि तिच्या बहिणींनी हीच ओटी सोडणांनी घासलेली आहे, आणि गुडघ्यांवर बसून केलेल्या त्या कामाची आठवण तिच्या गुडघ्यांना आजही आहे.

कोब्याला मेण का लागते हे समजले म्हणजे या अवजाराचे काम समजते. कोबा म्हणजे काँक्रीटच्या थरावर सिमेंट आणि लाल ऑक्साइडचा पातळ थर देऊन, तो ओला असतानाच लोखंडी थापीने घोटून घोटून गुळगुळीत केलेली आणि नंतर पाण्याखाली मुरवलेली जमीन. तिचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो. तो उन्हाने उडत नाही आणि सिमेंटमधल्या क्षारानेही बिघडत नाही. जुना कोबा फिका दिसतो तेव्हा बहुतेक वेळा रंग गेलेला नसतो, तर वरच्या पापुद्र्यातली बारीक छिद्रे उघडी पडून त्यांत धूळ बसलेली असते आणि खडबडीत झालेल्या पृष्ठभागावरून उजेड चहूकडे विखुरत असतो. मेण ती छिद्रे भरून काढते. घासताना जी थोडी ऊब निर्माण होते तिने मेणाचा वरचा थर मऊ होऊन सपाट पसरतो, आणि सपाट झालेल्या त्या थरावरून उजेड सरळ परत येतो. ही ऊब आणि हा दाब हाताने फडके घासून एवढ्या मोठ्या ओटीवर सारखा देता येत नाही. ठोकळ्याचे वजन तो देते.

मेण लावण्याआधी जमीन कोरडी असणे ही पहिली अट आहे आणि कोकणात तीच पाळणे सर्वांत अवघड जाते. पावसाळ्यात जोत्यातून ओल वर चढते, तिच्याबरोबर क्षार येतात आणि कोब्यावर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते. अशा जमिनीवर मेण लावले तर ओल खाली अडकते आणि मेणावर पांढरट डाग उमटतात. गेल्या वर्षी मी घाई केली नाही, याचे मला आजही समाधान वाटते. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने जमिनीला पक्का लावून रात्रभर ठेवला आणि सकाळी उचलून पाहिला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या खालच्या अंगाला दव साचलेले होते. नोव्हेंबरच्या मध्यावर तोच कागद कोरडा निघाला, तेव्हाच काम सुरू केले. त्यापूर्वी दोन वेळा सुकी पूड ब्रशने झाडून घेतली आणि घट्ट पिळलेल्या फडक्याने जमीन पुसून घेतली. संडास धुण्याचे आम्ल, व्हिनेगर किंवा लिंबू यांपैकी काहीही कोब्याला लावू नये, कारण आम्ल सिमेंट खाते आणि त्याने गेलेला गुळगुळीतपणा कोणत्याही मेणाने परत येत नाही.

मेणाची निवडही विचारपूर्वक करावी लागली. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे ते लावायला सोपे असते, पण एप्रिल-मे महिन्यांत नुसत्या त्या मेणाची जमीन पायाला किंचित चिकट लागते. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण ८० अंशांच्याही वर वितळते. ते कडक असते आणि त्याची चमकही अधिक असते, पण एकटे वापरले तर ते पसरवणे जिकिरीचे होते. या दोन्हींचे मिश्रण टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेले तयार डब्यात मिळते आणि मी तेच घेतले. घरी मेण वितळवणाऱ्यांनी ते थेट आचेवर कधीही ठेवू नये. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. बाजारात लाल रंग मिसळलेले मेणही मिळते व ते लावल्याबरोबर जमीन लालभडक दिसते, पण तो रंग काही दिवस तळपायांना, सतरंजीला आणि जमिनीवर टेकलेल्या प्रत्येक पांढऱ्या कापडाला लागतो. आमच्याकडे अजूनही पंगती जमिनीवरच बसतात, म्हणून मी बिनरंगाचे मेण पसंत केले.

ओटी चोवीस फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे. पहिल्या हाताला पाव किलोहून थोडे कमी मेण लागले. ते सुती कापडाच्या बोळ्यावर घेऊन, इतके पातळ लावावे की लावल्याचे जेमतेम दिसावे. सुरुवातीला माझ्याकडून एका कोपऱ्यात जाड लागले, आणि तो कोपरा बाकीच्या ओटीपेक्षा तिप्पट वेळ घेऊन शेवटी खरवडून काढावा लागला. लावल्यानंतर तीस-चाळीस मिनिटे थांबायचे. टर्पेंटाइन उडून गेल्यावर मेण मंद दिसू लागते आणि बोट टेकवले तर चिकटत नाही. ठोकळा चालवायची वेळ तीच.

पहिली दहा मिनिटे मी चुकीच्या पद्धतीने काम करत होतो. दांड्यावर भार देऊन ब्रश जमिनीत रेटत होतो आणि लवकरच खांदे भरून आले. आत्या झोपाळ्यावरून पाहत होती. ती म्हणाली, “दाबतोस कशाला? वजन आहे ना त्याला. तू नुसता पुढे-मागे ने.” त्यानंतर दांडा सैल धरला, पाय थोडे फाकवून उभा राहिलो आणि हातभर पुढे, हातभर मागे असा झोका दिला, तेव्हा ठोकळा आपल्या वजनाने चालू लागला. सुरुवातीला त्याचा आवाज खरखरीत असतो आणि तो मागे खेचल्यासारखा अडतो. एका जागी वीस-पंचवीस फेऱ्या झाल्या की अडणे कमी होते, आवाज बारीक होत जातो आणि मग ठोकळा एकदम हलका झाल्यासारखा सुळकन पुढे जातो. तेवढ्या जागेचे काम झाले हे डोळ्यांआधी हाताला कळते. हे एकदा ओळखता आले की कुठे पुरे आणि कुठे अजून हवे याचा अंदाज चुकत नाही. शेवटी ब्रशखाली जुन्या घोंगडीचा घडी घातलेला तुकडा ठेवून पुन्हा एक फेरी मारली. त्या संध्याकाळी खिडकीचे सातही गज जमिनीत उभे दिसत होते, आणि आत्या बराच वेळ काही न बोलता त्यांच्याकडे पाहत राहिली. ओटीचे घासण्याचे काम पहिल्या दिवशी पावणेदोन तास चालले. आता दर दीड-दोन महिन्यांनी मेण न लावता नुसता ठोकळा फिरवायला अर्धा तास पुरतो.

आता या वस्तूतला दोष सांगणे आवश्यक आहे, कारण तो किरकोळ नव्हता. बिजागरी ज्या बोल्टाने ठोकळ्याला जोडलेली आहे त्याचे टोक एका बाजूने रबराच्या पट्टीच्या खाली उतरलेले होते. ठोकळा सरळ चालतो तोवर ते जमिनीला लागत नाही, पण उंबरठ्यापाशी तो वळवताना किंचित कलंडतो आणि टोक टेकते. तिसऱ्या दिवशी माजघराच्या उंबरठ्यालगत वीतभर लांबीचा पांढरा ओरखडा उमटला. सत्तर वर्षे ज्या जमिनीवर ओरखडा नव्हता तिच्यावर तो माझ्या हातून पडावा याचे फार वाईट वाटले. विक्रेत्याला फोटोसह कळवले. दोन आठवड्यांनी त्याने फक्त एक आखूड बोल्ट पाठवला. तो चांगला बसला, हे मान्य करायला हवे, पण जी वस्तू लोकांच्या जमिनीवरून फिरणार आहे तिचे टोक कारखान्यातच घासून गोल करायला हवे होते. मी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून सगळ्या कडा ग्राइंड करून घेतल्या आणि मूळच्या पातळ पट्टीवरून सायकलच्या ट्यूबची दुहेरी पट्टी ताणून बसवली. ओरखड्यात मेणात कालवलेले थोडे लाल ऑक्साइड बोटाने भरले आणि घोटले; आता तो जवळून पाहिल्याखेरीज दिसत नाही.

ब्रशबद्दल मात्र तक्रार नाही. मागवताना काथ्या, नायलॉन आणि नैसर्गिक केस असे तीन पर्याय होते. काथ्या घासून धुण्यासाठी ठीक, पण झिलईसाठी राठ पडतो, आणि नायलॉनचे केस मेणात बारीक रेघा ओढतात असे ओळखीच्या एका सुताराने सांगितल्यावरून नैसर्गिक केसांचा ब्रश घेतला. वर्षभरात त्याचे केस झडले नाहीत. विजेवर फिरणाऱ्या चकतीच्या यंत्राचा विचार मी केला होता, आणि शेजारच्या गावात एकाने ते भाड्याने आणून वापरलेलेही पाहिले. ते भराभर चालते, पण त्याच्या जमिनीवर उजेडात गोल गोल वळे दिसतात आणि खांबांभोवतीचे कोपरे शेवटी हातानेच करावे लागले. मोठ्या सभागृहासाठी ते योग्य असेल. घराच्या ओटीला ठोकळा बरा.

कोब्याखेरीज जुन्या नक्षीदार सिमेंट लाद्यांवर त्याचा उपयोग निःसंशय आहे. मुंबईत १९२२ साली स्वदेशीच्या भावनेतून सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जसारख्या कारखान्यांच्या लाद्या आजही अनेक जुन्या घरांत आहेत, आणि दादरच्या एका नातेवाइकांच्या घरी तशा जुन्या लाद्यांवर मी हा ठोकळा नेऊन चालवून पाहिला. लादीतला हिरवा रंग किती खोल होता ते त्या घरातल्यांनीही प्रथमच पाहिले. आमच्या स्वयंपाकघरातल्या शहाबादीवर मंद झळाळी आली, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. व्हिट्रिफाइड टाईल्सवर मात्र हे सगळे व्यर्थ आहे. त्या टाईल्स अर्धा टक्कासुद्धा पाणी शोषत नाहीत. मेण आत न जाता वरच राहते आणि जमीन निसरडी होते. न्हाणीघर, पायऱ्या आणि पागोळ्यांचे पाणी उडते ती पडवीची कड येथेही मेण लावू नये. घरात वयस्कर माणसे असली की मेणाच्या जमिनीची धास्ती वाटते, आणि ती रास्त आहे, पण घसरवते ते जाड राहिलेले, न घासलेले मेण. पातळ लावून पूर्ण घोटलेल्या ओटीवर आमची आत्या काठी टेकत रोज चालते.

वाहतूक धरून मला एकूण साडेचार हजार रुपये खर्च आला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने एवढा खर्च करू नये. ज्याच्या घरात दोनशे चौरस फुटांहून अधिक कोबा किंवा सिमेंटची लादी आहे आणि जो ती मोडायला तयार नाही, त्याने तो जरूर करावा. पाठीचे दुखणे असेल तर सात किलोऐवजी पाच किलोचा मागवावा, फेऱ्या थोड्या वाढतील इतकेच. पैसे देण्यापूर्वी ठोकळा उलटा करून बोल्टाची टोके बोटाने तपासावीत आणि दांडा दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत लवतो का हे पाहावे, नाहीतर तो पलंगाखाली जात नाही. ठेवताना ठोकळा ब्रशवर उभा ठेवू नये, सात किलोच्या भाराने केस एका बाजूला कायमचे निजतात. आमचा कोठीच्या खोलीत आडवा ठेवलेला असतो, जुन्या धोतरात गुंडाळून, म्हणजे पावसाळ्यात बीड गंजत नाही.