एस्टीमला बसवलेलं पोर्ट केलेलं हेड: आठ महिने आणि ८,४०० किलोमीटरनंतर

गाडी २००४ ची एस्टीम. बाबांनी नवी घेतलेली, आता माझ्याकडे. इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ बीएचपी. २००७ मध्ये मारुतीने ही गाडी बंद केली, तेव्हापासून इंजिनाचे मोठे भाग मिळवायचे म्हणजे दहा ठिकाणी फोन. गेल्या वर्षी चवथीच्या आठवडाभर आधी हुबळीहून परत येताना अनमोड घाटात रेडिएटरचा वरचा होज फाटला. थांबायला जागा शोधेपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली आणि तेवढ्यात इंजिन तापून हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, वाकलं.

डिचोलीला आमच्या मेस्तांनी (मेकॅनिकने) हेड उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली. मध्यभागी ०.१५ मिलिमीटरचं फीलर (फट मोजायची पातळ पाती) आरामात आत गेलं. मॅन्युअलमधली मर्यादा ०.०५ ची आहे. हेच हेड आधी एकदा फेसिंग केलेलं, म्हणजे घासून सपाट केलेलं होतं, शिवाय व्हॉल्व्हचे दांडे ज्यातून सरकतात ते गाइड झिजून सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येतच होता. भंगारातलं हेड आणावं तर त्यानेही कुठे आणि किती उष्णता खाल्ली आहे ते कळत नाही. म्हणून गोव्याबाहेरच्या एका ट्यूनिंग शॉपकडून तयार हेड मागवलं: पोर्ट (हवा आत आणि धूर बाहेर जायच्या वाटा) मोठे केलेले, व्हॉल्व्ह एक मिलिमीटर मोठे, ब्राँझचे गाइड, कडक स्प्रिंग, खालून अर्धा मिलिमीटर घासून उतरवलेलं. किंमत ₹३८,०००.

खोका उघडला तेव्हा हेड बघतच राहावं असं होतं. इनटेकचे पोर्ट आरशासारखे. तिथेच मेस्तांनी पहिली हरकत घेतली. इनटेकला एवढं पॉलिश लागत नाही. पेट्रोल तिथेच फवारलं जातं, आणि गुळगुळीत भिंतीवर ते थर धरून ओघळतं. थोडा खरखरीतपणा असला तर हवेबरोबर मिसळून आत जातं. पॉलिश एक्झॉस्टला चांगलं, कार्बन कमी चिकटतो. आकार देण्यात शॉपने मेहनत घेतली होती, ते मान्य. पण फोटोत चमक दिसते, म्हणून वेळ चमकेवर घातला होता.

मग त्यांनी जे केलं ते हेड विकत घेणाऱ्या प्रत्येकाने बसवण्याआधी करावं. हेड उलटं करून लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं, जुने प्लग घट्ट लावले आणि चारही चेंबरमध्ये काठोकाठ रॉकेल भरलं. आम्ही चहा घेऊन आलो. पाऊण तासाने तीन नंबरच्या चेंबरमधली पातळी नखभर खाली गेली होती. टॉर्च एक्झॉस्ट पोर्टमध्ये धरली तर व्हॉल्व्हच्या कडेने एक बारीक ओली रेघ चमकत होती आणि तिच्या टोकाला थेंब तयार होत होता. दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत होते. निळी शाई लावून व्हॉल्व्ह फिरवला तर सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेवर, शाई सलग उमटली नाही, एका बाजूला कोरी राहिली. नवं गाइड बसवल्यावर सीट त्या गाइडच्या मध्याला धरून पुन्हा कापावी लागते. या दोन ठिकाणी ती कापलेली नव्हती किंवा घाईत कापली होती.

शॉपला फोन केला. ते म्हणाले, चालवा, बसेल. नाही बसत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता बंद असताना सीटमधूनच हेडमध्ये जाते. सीट अर्धवट टेकत असेल तर व्हॉल्व्हची ती बाजू लाल होत होत जळते. परत पाठवून पंधरा-वीस दिवस घालवण्यापेक्षा आम्ही इथेच हेडचं काम करणाऱ्या एका जुन्या लेथवाल्याकडे सोळाही सीट तपासून घेतल्या. एक्झॉस्टच्या दोन पुन्हा कापल्या: ४५ अंशाची टेकण्याची पट्टी, वर ३० आणि खाली ६० अंशाचा कोन. एक्झॉस्टची पट्टी त्याने मुद्दाम जराशी रुंद ठेवली. अरुंद पट्टीवरून हवा चांगली जाते, पण व्हॉल्व्ह थंड राहायला रुंदी लागते, आणि माझी गाडी रेससाठी नाही. खर्च ₹२,२००. मला विचाराल तर सगळ्या कामात सगळ्यात जास्त परतावा देणारे पैसे हेच.

धुण्याबद्दलही सांगतो. पोर्टिंगनंतर हेड धुऊन पाठवल्याचं शॉपने सांगितलं होतं. रॉकरपर्यंत तेल पोचवणाऱ्या वाटेत मेस्तांनी तारेचा ब्रश घातला, रॉकेल मारलं, हवा मारली आणि पलीकडे पांढरा कपडा धरला. कपड्यावर करड्या रंगाचा चिखल आला, बोटांत चोळला तर कचकच लागत होता. घासण्याच्या दगडाची पूड आणि ॲल्युमिनियम. हा चिखल व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या बेअरिंगमध्ये गेला असता तर हजार किलोमीटरही गाडी चालली नसती. कपडा स्वच्छ येईपर्यंत पाच वेळा धुतलं.

दिवाळीनंतर हेड बसलं. टाइमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि सगळे होज नवे. पेट्रोलच्या नळ्याही बदलल्या, कारण पंपावर आता २० टक्के इथेनॉल असतं आणि वीस वर्षांच्या रबराला ते झेपेल यावर माझा भरवसा नव्हता. एअर फिल्टर मात्र मूळ बंद डब्यातलाच ठेवला. उघडा शंकूसारखा फिल्टर लावायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. आमच्या भागात रस्त्यावर खाणीची तांबडी धूळ असते, ती सिलिंडरमध्ये ओढून घ्यायची माझी तयारी नाही.

कॉम्प्रेशनचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो त्याचे आकडे सांगतो. जुन्या हेडवर, वाकण्याआधीच्या सर्व्हिसला, १६५, १६०, १४८, १५० पीएसआय होते. नव्यावर १९०, १८८, १९०, १९२. वाढीपेक्षा मला चारही आकडे जवळजवळ आले याचा आनंद जास्त झाला. एका सिलिंडरचं आकारमान ३२४.५ सीसी. त्यात हेड अर्धा मिलिमीटर खाली आलं की चेंबर दोनेक सीसीने लहान होतो आणि कॉम्प्रेशनचं गुणोत्तर साधारण अर्ध्याने वाढतं.

पहिल्या हजार किलोमीटरला टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट, पुन्हा उघडून तपासले. हे टाळू नका. नव्या कापलेल्या सीटवर व्हॉल्व्ह किंचित आत बसत जातो आणि टॅपेटची फट कमी होते. आवाज येत नाही म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं, पण फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. माझे तीन एक्झॉस्ट घट्ट झालेले निघाले, त्यात तीन नंबरचे दोन्ही. त्यानंतर चार हजाराला तपासले, फरक नव्हता.

जानेवारीत त्रास सुरू झाला. कूलंट आठवड्याला ग्लासभर कमी व्हायला लागलं. बाहेर गळती नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, डिपस्टिकवर तेल स्वच्छ. फक्त रेडिएटरचं झाकण काढून थंड इंजिन चालू केलं आणि रेस दिली की बुडबुडे दिसत. मेस्तांनी प्रेशर पंप लावला, काटा अर्ध्या तासात खाली आला. पुन्हा हेड उतरवलं. हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या गॅस्केटवर मागच्या कोपऱ्यातल्या बोल्टाजवळ, सिलिंडरची रिंग आणि पाण्याचं भोक यांच्यामध्ये, बोटभर रुंद काळपट तपकिरी डाग. हेड सपाट, ब्लॉक सपाट. मग दाब नेमका तिथेच का कमी पडला?

मेस्तांनी हवेच्या गनला लांब बारीक नळी लावली, तो बोल्ट ज्या भोकात जातो त्यात खाली घातली आणि हवा मारली. गंजाळलेलं पाणी वर उडालं. मग त्यांनी मला हाक मारली, "पळय हांगा." (इकडे बघ.) जुनं हेड उतरवताना कूलंट त्या भोकात सांडलं होतं आणि तळाशी तसंच राहिलं होतं. बोल्ट आत शिरताना पाणी दाबलं जात नाही, ते बोल्टालाच विरोध करतं. टॉर्क रेंच आकडा पुरा झाला म्हणून टक् करते, पण तो जोर पाण्याने खाल्लेला असतो, गॅस्केटपर्यंत पोचलेलाच नसतो. या इंजिनाचा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा आहे. आणखी ताकद लावली असती तर ब्लॉकला तडा गेला असता.

ही आपलीच चूक, असं मेस्त सरळ म्हणाले. मुलाला भोकं साफ करायला सांगितली होती, स्वतः पाहिली नाहीत. मजुरी घेतली नाही, गॅस्केटचे पैसे मी दिले. या वेळी दहाही भोकं हवेने कोरडी केली, प्रत्येकात कापडाची वात घालून पाहिली, बोल्टांच्या आट्यांना तेलाचा थेंब लावला आणि मधून बाहेर, तीन टप्प्यांत कसले. वीस वर्षं मी त्यांच्याकडे जातोय आणि यापुढेही त्यांच्याकडेच जाणार. स्वतःची चूक दाखवून देणारा कारागीर आजकाल कुठे मिळतो?

आता चालवण्याबद्दल. साडेतीन हजार आरपीएमच्या वर गाडी वेगळीच आहे. केरी सोडून, अंजुण्याच्या धरणाजवळून चोर्ला घाट लागला की पूर्वी चार माणसं आणि सामान असताना दुसरा गिअर टाकावाच लागे. आता बहुतेक वळणं तिसऱ्यावर निघतात आणि पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायला पाय थोडासाच दाबावा लागतो. साडेपाच हजारापर्यंत इंजिन दम न सोडता जातं. ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो.

अडीच हजाराच्या खाली मात्र पहिले पाच महिने गाडी सुस्त होती. पोर्ट मोठा झाला की कमी आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि सिलिंडर नीट भरत नाही. डिचोलीच्या बाजारात, गतिरोधकांवर, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढताना हे रोज जाणवायचं. बायकोने दोन दिवस चालवून चावी परत दिली आणि म्हणाली, "पूर्वीची हलकी होती, ही ओढावी लागते." तिचं बरोबर होतं. गोव्यात आपण निम्मा वेळ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसच्या आत चालवतो.

त्यातला एक भाग दुरुस्त झाला. हेड घासून खाली आलं की कॅम क्रँकच्या जवळ येतो, बेल्टची लांबी तीच राहते, आणि कॅमचं टाइमिंग किंचित मागे पडतं. एप्रिलमध्ये ₹५,५०० ची ॲडजस्टेबल कॅम पुली लावली, मागे पडलेलं भरून काढलं आणि वर दोन अंश पुढे घेतलं. खालची ओढ बरीच परत आली, वरचं थोडं गेलं. बायको आता चालवते. पुन्हा हेड घ्यायचं झालं तर मी मूळ मापाचेच व्हॉल्व्ह, जवळजवळ मूळ पोर्ट आणि उत्तम कापलेल्या सीट एवढंच घेईन. मोठा पोर्ट रोजच्या गाडीला नको.

मे महिन्यात घाटात, एसी चालू असताना, तिसऱ्या गिअरवर पूर्ण दाबलं की बारीक खडखड ऐकू यायची. डब्यात खिळे हलवल्यासारखी. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटणं. उष्णतेच्या श्रेणीत एक पायरी थंड असलेले प्लग आणि ९५ ऑक्टेनचं पेट्रोल टाकल्यावर गेली. लिटरमागे खर्च वाढला तो वाढलाच. ॲव्हरेज गावात १४ वरून १३ झालं, बेळगावच्या फेरीत १५ चं साडेपंधरा.

कागदपत्रांचं विसरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांमुळे गाडीत मूळ नोंदींपेक्षा वेगळं काही करणं हा गंभीर विषय आहे. माझ्या इंजिनाचा नंबर ब्लॉकवर आहे, सीसी आणि इंधन तेच आहे, पीयूसी दोन्ही वेळा पास झाली. तरी विमा कंपनीला मी बदल लेखी कळवला. २०२९ मध्ये गाडीच्या नोंदणीचं पुढचं नूतनीकरण आहे, त्यासाठी मूळ हेड लेथवाल्याकडून सरळ करता येतं का ते बघतोय. तोवर ते तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवलंय. इथल्या पावसाळी हवेत उघड्या ॲल्युमिनियमवर महिनाभरात पांढरी पूड येते.

पुली, दुसरं गॅस्केट, सीट, होज सगळं धरून खर्च साठ हजारांच्या आसपास गेला. गेल्या आठवड्यात पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं: १९०, १९०, १८८, १९०. रेडिएटरचं झाकण मी अजून दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, उघडून बघतो. फेब्रुवारीपासून पाणी काठाशीच आहे.